उबंटूवर हाताने टाकलेला फायरफॉक्स परत परत जुनाच उघडतो, बुकमार्क गायब होतात : कारण काय आणि कायमचं कसं थांबवायचं

हा प्रॉब्लेम मी एकाच ठिकाणी वर्षभरात पाच वेळा सोडवला, त्यातल्या चार वेळा फक्त वरवर, म्हणून दोन महिन्यांनी तो परत यायचा. पाचव्या वेळी शांतपणे बसून मुळापर्यंत गेले. तेच इथे लिहितेय, कारण असेच फोन मला आता फोंडा, वाळपईहून पण यायला लागलेत आणि सगळ्यांची गोष्ट जवळपास तीच असते.

आमच्या गावच्या वाचनालयात, म्हणजे गोव्यात डिचोली तालुक्यात, तीन जुने डेस्कटॉप आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून त्यातल्या दोघांवर आम्ही उबंटू २४.०४ ही लिनक्स सिस्टिम टाकली, तिसऱ्याचं वेगळं आहे ते शेवटी सांगते. लोक येतात ते साध्या कामांना. मुलं ॲडमिशनचे फॉर्म भरतात, कोणाला जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायचा असतो, कोणाला वीजबिल भरायचं असतं, दुपारी दोन-चार निवृत्त मास्तर पेपर वाचायला बसतात. सगळं ब्राउझरमध्येच, ब्राउझर चालला नाही तर ते मशीन असून नसल्यासारखं.

मी असते पर्वरीला, रविवारी गावी येते. आणि सोमवारी वाचनालय सांभाळणाऱ्या काकांचा फोन यायचाच.

"बाय, परत गेलं बघ."

"काय गेलं काका?"

"वरच्या पट्टीवर तू लावून दिलेली सगळी. एक-चौदाचं पण नाही, बिलाचं पण नाही. पोरं बाहेर उभी आहेत."

मी बहुतेक वेळी काय करायचे, तर फोनवरूनच फायरफॉक्स नव्याने डाउनलोड करून टाकायला सांगायचे. तीच चूक होती. इन्स्टॉल नीटच होत होतं, प्रॉब्लेम हा होता की मशिनवर एकाच वेळी चार फायरफॉक्स बसले होते आणि आज कुठला उघडेल ते कुठल्या आयकॉनवर क्लिक केलं त्यावर ठरत होतं.

पुढे जायच्या आधी एक सांगते. कमांड मी देवनागरीत लिहितेय, काकांना फोनवर बोलून सांगते तशाच. टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) त्या इंग्रजीतच टाईप करायच्या, आकडे पण इंग्रजी, फक्त फाइलच्या आतल्या ओळींत काही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं ते तिथे सांगेन. मोझिलाच्या सपोर्टच्या पानावर यातल्या बऱ्याच ओळी कॉपी करायला तयार मिळतात. पण कुठली ओळ कशासाठी आहे ते कळल्याशिवाय कॉपी-पेस्ट केलं की दोन महिन्यांनी परत त्याच जागी येतो आपण, मी स्वतः आले.

आधी बघा कुठला उघडतोय

काहीही नवीन टाकू नका. जो फायरफॉक्स उघडतोय तो तसाच ठेवा आणि ॲड्रेस बारमध्ये अबाउट:सपोर्ट टाका. वरच्याच तक्त्यात ॲप्लिकेशन बायनरी अशी ओळ असते, तिथे ही प्रत नेमकी कुठल्या फोल्डरमधून चालतेय ते लिहिलेलं असतं. त्यात /स्नॅप/ दिसलं तर ती उबंटूची स्नॅपवाली (स्नॅप म्हणजे उबंटूची प्रोग्रॅम बसवायची नवी पद्धत). /ऑप्ट/ दिसलं तर कोणीतरी हाताने टाकलेली. /होम/ (युजरचं स्वतःचं फोल्डर) आणि पुढे डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप दिसलं तर कोणीतरी फाइल तिथेच उघडून तिथूनच चालवतंय. /यूएसआर/लिब/फायरफॉक्स असेल तर तो डेबमधून (उबंटू-डेबियनच्या नेहमीच्या पॅकेजमधून) आलेला आहे, आपल्याला शेवटी तिथेच पोचायचंय.

मग टर्मिनलमध्ये

टाइप -ए फायरफॉक्स

हे टाकलं की या नावाने जेवढे रस्ते आहेत ते सगळे एकाखाली एक येतात, आणि पहिला असतो तोच टर्मिनलमधून उघडतो. आमच्याकडे पहिली ओळ आली /यूएसआर/लोकल/बिन/फायरफॉक्स, मग /यूएसआर/बिन, मग /स्नॅप/बिन. म्हणजे टर्मिनलमधून मी चेक करायचे तेव्हा नवीनच उघडायचा, मी म्हणायचे "झालं काका, बघा चालतोय", आणि काका डावीकडच्या पट्टीवरच्या आयकॉनवर क्लिक करायचे आणि तो स्नॅपवाला उघडायचा, कारण आयकॉनच्या फाइलमध्ये /स्नॅप/बिन चा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो टर्मिनलचा क्रम बघत नाही. आम्ही दोघं दोन वेगळे ब्राउझर बघत एकाच ब्राउझरबद्दल बोलत होतो. हे कळलं तेव्हा माझे अर्धे प्रश्न तिथेच सुटले.

स्नॅप लिस्ट टाकून बघा, यादीत फायरफॉक्स आहे का. आणि

एपीटी पॉलिसी फायरफॉक्स

ही कमांड सगळ्यात कामाची (एपीटी म्हणजे डेब पॅकेजं बसवणारं उबंटूचं साधन). इन्स्टॉल्ड काय आहे, कॅन्डिडेट काय आहे म्हणजे पुढच्या वेळी एपीटी काय टाकणार, आणि ते कुठून येणार, सगळं दाखवते. तिचा फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

चार फायरफॉक्स आले कुठून

उबंटूने २१.१० पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, डेस्कटॉपवर फायरफॉक्स स्नॅपमधून द्यायला सुरुवात केली आणि २२.०४ पासून एपीटीमध्ये फायरफॉक्स नावाचं जे पॅकेज आहे ते आतून रिकामं आहे, ते फक्त स्नॅप ओढून आणतं. म्हणून सुडो एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स केलं (सुडो म्हणजे कमांड ॲडमिनच्या हक्काने चालवणं) तरी मिळतो स्नॅपच. स्नॅप वाईट असं मी म्हणत नाही, नव्या एसएसडीवाल्या मशिनवर बहुतेकांना फरकही कळत नाही. पण आमच्याकडे जुनी फिरती हार्डडिस्क आहे, सकाळी मशीन चालू केल्यावर पहिल्यांदा उघडायला इतका वेळ लागायचा की माणूस परत क्लिक करायचा, परत क्लिक, मग तीन खिडक्या एकदम उघडायच्या. आणि गावातला एक मुलगा अकाउंटिंग करतो, त्याची डिजिटल सहीची यूएसबी स्नॅपवाल्या फायरफॉक्सला दिसायचीच नाही, कारण स्नॅप बंद डब्यात चालतो, बाहेरचा ड्रायव्हर त्याला सहजासहजी उचलता येत नाही. म्हणून मी हाताने टाकायला गेले, ते बरोबरच होतं, पण पद्धत अर्धवट.

हाताने म्हणजे काय, तर मोझिलाची (फायरफॉक्स बनवणाऱ्यांची) टार फाइल, म्हणजे सगळ्या फाइलींचं एकत्र गाठोडं, डाउनलोड करायची, उघडायची, /ऑप्ट मध्ये हलवायची आणि /यूएसआर/लोकल/बिन मध्ये एक लिंक करायची. हे चालतं. पण मी फोनवर सांगायचे तेव्हा एकदा फाइल डाउनलोड्समध्येच उघडली गेली, एकदा डेस्कटॉपवर, मी स्वतः केली ती /ऑप्ट मध्ये. स्नॅप धरून चार.

आता बुकमार्क का जातात ते. खरं म्हणजे ते जात नाहीत, सगळे तिथेच असतात. फायरफॉक्स ६७ पासून, मे २०१९ मध्ये आला तो, प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं वेगळं प्रोफाइल (बुकमार्क, सेटिंग्ज ठेवायचं फोल्डर) मिळतं, आणि इन्स्टॉलेशन वेगळं आहे की नाही हे तो फोल्डरच्या पत्त्यावरून ओळखतो. म्हणजे तीच फाइल तुम्ही डाउनलोड्समध्ये उघडलीत की एक प्रोफाइल, डेस्कटॉपवर उघडलीत की दुसरं, आणि नव्या प्रोफाइलमध्ये पट्टी रिकामी. स्नॅपचं तर आणखी वेगळ्या जागी, होममधल्या स्नॅप फोल्डरच्या आत. अबाउट:प्रोफाइल्स टाका, सगळी प्रोफाइलं यादीत दिसतील आणि त्यांचे फोल्डरही, फक्त स्नॅपवाल्याचं बाहेरच्याला दिसत नाही आणि बाहेरच्याचं स्नॅपला. काकांना मी हे असं समजावलं की पेटी एकच नाहीये, चार पेट्या आहेत, तुम्ही ज्या पेटीत ठेवलं ती आज उघडली नाही एवढंच. ते लगेच म्हणाले, "मग तीन पेट्या काढून टाक ना." बरोबर, हाच इलाज.

तिसरा त्रास, अपडेट. /ऑप्ट मध्ये सुडोने टाकलेलं फोल्डर रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, मालकीचं असतं, फायरफॉक्स चालतो आपल्या नावाने, त्याला तिथे लिहायची परवानगी नाही, म्हणून तो स्वतःला अपडेट करू शकत नाही. गुपचूप जुना होत जातो. नवीन व्हर्जन दर चार आठवड्यांनी येतं, सिक्युरिटीचे फिक्स त्यातच असतात, आणि आमच्या मशिनवर लोक बँकेचं लॉगिन करतात, म्हणून हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. मग कोणी सांगतं की होममध्ये टाका, तिथे अपडेट होतो. होतो खरा, पण उबंटू २४.०४ मध्ये ॲपआर्मरचे (प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचे) नियम कडक केलेत, होममधून चालवलेल्या फायरफॉक्सला आपला सँडबॉक्स (वेबसाइटला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारं कुंपण) पूर्ण उभारता येत नाही आणि वर पट्टी येते की काही सिक्युरिटी फीचर कमी संरक्षण देतील. ती पट्टी लोक बंद करून पुढे जातात. वाचनालयासारख्या ठिकाणी तरी तसं करू नका.

म्हणजे टार फाइलमध्ये एकतर अपडेट नाही नाहीतर सँडबॉक्स अर्धा. मोझिलाने जानेवारी २०२४ मध्ये फायरफॉक्स १२२ बरोबर स्वतःचं डेब पॅकेज आणि स्वतःची एपीटी रिपॉझिटरी (एपीटी जिथून पॅकेजं आणतं ते कोठार) दिली, ती वापरली की दोन्ही प्रश्न मिटतात. टार अजून का लागते, तर एखादी विशिष्ट व्हर्जन तपासायची असेल किंवा उबंटू-डेबियन सोडून दुसरं काही असेल तर. रोजच्या वापराच्या डेस्कटॉपला माझं मत सरळ आहे, डेब.

आधी बुकमार्क वाचवा

चारही फायरफॉक्स एकेक करून पूर्ण पत्ता देऊन उघडा, एक पूर्ण बंद करून मगच दुसरा. प्रत्येकात कंट्रोल शिफ्ट ओ दाबा, बुकमार्कची खिडकी येते, तिथे इम्पोर्ट अँड बॅकअपमध्ये एक्सपोर्ट बुकमार्क्स टू एचटीएमएल. बॅकअप नावाचं बटण पण तिथेच आहे, त्याने जेसन फाइल होते, पण ती रिस्टोअर केली की आधीचे सगळे बुकमार्क पुसून तिच्यातले बसतात. चार ठिकाणचे एकत्र करायचे असतील तर एचटीएमएलच घ्या, ते आधीच्यात भर घालतं. पासवर्ड आम्ही त्या मशिनवर ठेवतच नाही, तुमच्या घरच्या मशिनवर असतील तर अबाउट:लॉगिन्समधून ते पण एक्सपोर्ट करा, आणि काम झालं की ती फाइल लगेच डिलीट करा, त्यात पासवर्ड उघडे वाचता येतात.

मग साफसफाई

सुडो स्नॅप रिमूव्ह फायरफॉक्स

यात --पर्ज लावू नका, घाईत तर अजिबात नको. न लावता काढलंत तर स्नॅप तुमच्या डेटाचा एक स्नॅपशॉट करून ठेवतो, तो ३१ दिवस राहतो, काही राहून गेलं असेल तर परत आणता येतं. पर्ज लावलं की संपलं.

मग /ऑप्ट/फायरफॉक्स, डाउनलोड्समधलं, डेस्कटॉपवरचं, तिन्ही फोल्डर काढा. आरएम -आर लिहिताना पत्ता दोनदा वाचा, सुडो असेल तर तीनदा. आणि ती लिंक,

सुडो आरएम /यूएसआर/लोकल/बिन/फायरफॉक्स

ही विसरलात तर नवीन डेब टाकूनसुद्धा टर्मिनलला आधी तीच सापडेल, कारण /यूएसआर/लोकल/बिन क्रमात पुढे असतं. काढल्यानंतरही त्याच टर्मिनलमध्ये नो सच फाइल अशी तक्रार आली तर घाबरू नका, बॅशने (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो, हॅश -आर टाका नाहीतर टर्मिनल बंद करून उघडा.

आयकॉनच्या फाइली पण बघा, होममध्ये .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स आणि बाहेर /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स, तिथे तुम्ही किंवा कोणी बनवलेली फायरफॉक्स.डेस्कटॉप असेल तर काढा. डावीकडच्या पट्टीवर पिन केलेला जुना आयकॉन राइट क्लिक करून अनपिन करा.

आता नवीन

पहिल्यांदा किल्ली, म्हणजे येणारं पॅकेज खरंच मोझिलाचं आहे हे एपीटीला ओळखता यावं म्हणून.

सुडो इन्स्टॉल -डी -एम ०७५५ /ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज

डब्ल्यूगेट -क्यू एचटीटीपीएस://पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग/एपीटी/रेपो-साइनिंग-की.जीपीजी -ओ- | सुडो टी /ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज/पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग.एएससी

यातला -ओ- चा ओ कॅपिटल आहे, शून्य नाही. स्क्रीनवर अगम्य अक्षरांचा ढीग येईल, ती किल्लीच आहे. तिचा फिंगरप्रिंट (ओळख पटवायचा क्रमांक) ३५बीए ने सुरू होतो आणि १५ए३ ने संपतो, पूर्ण ४० अक्षरं मोझिलाच्या पानावर आहेत, जुळवून बघायची पद्धतही तिथेच आहे, दोन मिनिटांचं काम, करा.

मग सुडो नॅनो ने /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी/मोझिला.लिस्ट ही फाइल उघडून एकच ओळ,

डेब [साइन्ड-बाय=/ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज/पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग.एएससी] एचटीटीपीएस://पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग/एपीटी मोझिला मेन

चौकोनी कंस धरून, तसेच्या तसे.

आणि आता ज्या गोष्टीमुळे माझी चौथी दुरुस्ती फुकट गेली ती. मी रिपॉझिटरी जोडली, तरी दोन आठवड्यांत स्नॅप परत हजर. का, तर उबंटूच्या त्या रिकाम्या पॅकेजच्या व्हर्जनच्या सुरुवातीला १ आणि मग कोलन असतो, १:१स्नॅप१ असं काहीतरी, एपीटी पॉलिसीच्या फोटोत दिसेल. कोलनच्या आधीच्या त्या आकड्याला इपॉक म्हणतात, आणि तुलना करताना एपीटी सगळ्यात आधी तोच बघतं. मोझिलाच्या व्हर्जनला इपॉक नाही, म्हणजे शून्य. त्यामुळे मोझिलाचा १४० असो की १५०, एपीटीच्या हिशोबात उबंटूचं रिकामं पॅकेजच नवीन ठरतं आणि अपग्रेड म्हणून तेच बसतं. यात कोणाची खोडी नाही, नियमच तसा आहे, पण नियम माहीत नसेल तर माणूस वेडा होतो.

म्हणून प्रायॉरिटी द्यायची. सुडो नॅनो /ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी/मोझिला, आणि आत

पॅकेज: *
पिन: ओरिजिन पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग
पिन-प्रायॉरिटी: १०००

पॅकेज: फायरफॉक्स*
पिन: रिलीज ओ=उबंटू
पिन-प्रायॉरिटी: -१

मधली रिकामी ओळ ठेवायचीच. पॅकेज, पिन, प्रायॉरिटी आणि उबंटू यांची पहिली अक्षरं कॅपिटल, बाकी लहान. १००० च का, ९०० का नाही? कारण एपीटीचा नियम आहे की १००० किंवा जास्त असेल तरच तो कमी व्हर्जनकडे, म्हणजे डाउनग्रेडकडे जायला तयार होतो. मी पहिल्यांदा कुठेतरी बघून ९०० लिहिलं होतं, ते दिसायला बरोबर होतं आणि काहीच करत नव्हतं. खालचा -१ वाला भाग मी माझ्याकडून जोडलाय, उबंटूकडून येणारं फायरफॉक्स नावाचं काहीही कधीच टाकू नको असा त्याचा अर्थ. तो जोडल्यापासून स्नॅप परत आलेला नाही.

आता

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स

रिकामं पॅकेज अजून बसलेलं असेल तर इथे मोठ्या अक्षरांत डाउनग्रेडेड असा शब्द दिसेल आणि पुढे जाऊ का विचारेल. काकांनी तो शब्द वाचून एन दाबलं होतं, त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल. पण इथे वाय दाबायचं, कारण ते डाउनग्रेड फक्त त्या इपॉकच्या हिशोबात आहे, येणारा फायरफॉक्स ताजाच असतो. मराठी मेनू पाहिजे असतील तर फायरफॉक्स-एल१०एन-एमआर हे पॅकेज पण टाका, आमच्या मास्तरांना ते फार आवडलं.

परत एपीटी पॉलिसी फायरफॉक्स. इन्स्टॉल्ड आणि कॅन्डिडेट दोन्हीकडे सारखाच आकडा, त्यात स्नॅप शब्द नाही, आणि खाली पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग समोर १०००, एवढं दिसलं की झालं. मग डिफॉल्ट ब्राउझर,

एक्सडीजी-सेटिंग्ज सेट डिफॉल्ट-वेब-ब्राउझर फायरफॉक्स.डेस्कटॉप

ही सुडो न लावता, ज्या युजरने मशीन वापरतात त्याच लॉगिनमध्ये. आणि चार एचटीएमएल फाइली इम्पोर्ट.

अपडेटचं एक लक्षात ठेवा. उबंटू जे आपोआप अपडेट करतं ते डिफॉल्टला फक्त उबंटूच्याच ठिकाणांकडे बघतं, मोझिला त्या यादीत नसतं. म्हणून आमच्याकडे काका दर सोमवारी सकाळी सुडो एपीटी अपडेट आणि सुडो एपीटी अपग्रेड या दोन ओळी टाकतात आणि पुस्तकांच्या रजिस्टरमध्ये शेवटच्या पानावर तारीख लिहितात. चालू असलेला फायरफॉक्स मध्येच रीस्टार्ट मागेल, तेव्हा कोणी फॉर्म भरत असेल तर आधी त्याला सबमिट करू द्या.

पावसात होणाऱ्या गोष्टी

जून ते सप्टेंबर आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि टार फाइल वापरणाऱ्यांना यामुळे जे एरर येतात ते ब्राउझरचे समजले जातात. अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ इनपुट किंवा अनएक्स्पेक्टेड ईओएफ आलं म्हणजे फाइल अर्धी उतरलीय, बाकी काही नाही. डब्ल्यूगेट -सी ने तीच पुढे चालू करा, आणि उघडायच्या आधी एसएचए२५६सम काढून मोझिलाच्या यादीतल्या आकड्याशी जुळवा.

जुन्या व्हिडिओत बघून टार एक्सजेएफ टाकलंत आणि हे बीझिप२ नाही असं म्हणाला, तर फाइल बरोबर आहे, कमांड जुनी आहे. फेब्रुवारी २०२५ ला आलेल्या १३५ पासून मोझिला एक्सझेड मध्ये देतं. नुसतं टार एक्सएफ लिहा, प्रकार तो स्वतः ओळखतो. ते पण नाही म्हणाला तर फाइल ही कमांड चालवून बघा, एचटीएमएल असं उत्तर आलं तर तुमच्या नेटने ब्राउझरऐवजी लॉगिनचं किंवा रिचार्जचं पान उतरवून दिलंय.

डाउनलोडच्या लिंकमध्ये अँडची खूण असते, दोनदा. ती लिंक टर्मिनलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय टाकली की शेलला, म्हणजे बॅशला, वाटतं पहिल्या अँडपाशी कमांड संपली, पुढचं तो वेगळंच समजतो आणि तुमच्या हातात भलतंच काहीतरी येतं. पूर्ण लिंक अवतरणात घाला.

वीज गेल्यानंतर फायरफॉक्स आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही असं म्हणतो, तेव्हा पीग्रेप फायरफॉक्स टाकून खरंच चालू आहे का बघा. एकही नंबर आला नाही तर अबाउट:प्रोफाइल्समध्ये आधी लिहून ठेवलेल्या त्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये लॉक आणि .पेरेंटलॉक या दोन फाइली असतात, त्या काढल्या की उघडतो. नंबर आला असेल तर काढू नका, आधी तो प्रोसेस बंद करा, चालू प्रोफाइलवर दुसरा फायरफॉक्स चढला तर बुकमार्कची फाइलच खराब होऊ शकते. आणि एपीटी रिलीज फाइल नॉट व्हॅलिड येट म्हणत असेल तर मशीनचं घड्याळ मागे पडलंय. टाइमडेटसीटीएल टाकून बघा, आणि दर वेळी वीज गेल्यावर तेच होत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, तो कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

तिसरं मशीन

त्याच्यावर हे काहीच चाललं नाही. टार उघडून चालवली तर एक्झेक फॉरमॅट एरर. हा एरर आला की भांडत बसू नका, यूनेम -एम टाका. आय६८६ आलं म्हणजे सिस्टिम ३२ बिटची आहे आणि तुम्ही ६४ बिटची फाइल चालवताय. ३२ बिट लिनक्सवर क्रोम मार्च २०१६ पासूनच मिळत नाही, आणि फायरफॉक्सनेही १४४ नंतर तो बंद केला, फक्त ईएसआर १४० (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) थोडा काळ चालेल. पण लगेच मशीन भंगारात काढू नका, एलएससीपीयू टाका आणि सीपीयू ऑप-मोड्सची ओळ वाचा. फक्त ३२-बिट असेल तर डेबियन १२ आणि त्यातला फायरफॉक्स-ईएसआर, जेवढे दिवस चालेल तेवढे, आणि बँकेची कामं त्यावर नकोत. दोन्ही लिहिलं असेल तर प्रोसेसर ६४ बिट चालवू शकतो, कोणीतरी कधीतरी चुकून ३२ बिट सिस्टिम टाकलीय.

आमच्याकडे दोन्ही लिहिलेलं आलं. रॅम २ जीबीच आहे, त्यामुळे उबंटू नको, हलकं ६४ बिट डेबियन टाकणार आहे येत्या रविवारी. पेन ड्राइव्ह तयार करून ठेवलाय, काकांना सांगितलंय की तोपर्यंत त्या मशीनवर कागद चिकटवून ठेवा.